साबण विकणाऱ्या बाईचे आडनाव कशाला?



आज आपल्या वस्तीतील कितीतरी घरांत दारामागे एक पिशवी टांगलेली दिसते. तिच्यात साबण, शाम्पू, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, चेहऱ्याला लावायचे क्रीम आणि एक चुरगळलेला कॅटलॉग असतो. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत, पगार वीस तारखेलाच संपलेला, मुलाच्या क्लासची फी बाकी. मग घरची बाई दुपारची धुणी-भांडी आटोपून ती पिशवी खांद्याला अडकवते आणि राजारामपुरी, ताराबाई पार्क, शाहूपुरी, कसबा बावडा अशी वाट धरते. आम्हीही ती पिशवी वाहिली आहे. म्हणून आज आम्ही जे लिहितो आहोत, ते आमच्या पायांनी तुडवलेल्या वाटेबद्दल आहे.

सरकार या बाईला 'थेट विक्रेता' म्हणते. कंपनी तिला 'स्वतंत्र व्यवसायमालक' म्हणते. मालक हा शब्द ऐकायला गोड आहे. पण या मालकिणीला ना पगार, ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची रजा. मालाची किंमत ती ठरवत नाही, कमिशनही ती ठरवत नाही. आणि कायदा झाला, तेव्हा तिला कुणी विचारलेही नाही.

नियम काय सांगतात?

केंद्र सरकारने २०१६ साली थेट विक्रीच्या धंद्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याखाली २०२१ साली नियमांचा मसुदा निघून २८ डिसेंबर २०२१ रोजी 'ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम' जारी झाले. या नियमांतील पुष्कळ गोष्टी चांगल्या आहेत, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. माणसे जोडण्यावरच पैसे मिळतात अशा पिरॅमिड योजनेला त्यांत बंदी आहे. नव्या विक्रेत्याकडून प्रवेश फी घेण्यास मनाई आहे. करार केल्यावर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोय आहे. ग्राहकाची तक्रार घेण्यासाठी कंपनीने अधिकारी नेमलाच पाहिजे, असेही बंधन आहे. हे सारे आम्हाला मान्य आहे.

आमचे भांडण दुसऱ्याच कलमांशी आहे. विक्रेत्याने ओळखपत्र घेतल्याशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. विक्रीच्या वेळी ग्राहकाला आपले नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, ओळखीचा पुरावा आणि टेलिफोन नंबर द्यावा. विक्रेत्याच्या कर्तव्यांच्या यादीत जीएसटी नोंदणी, पॅन आणि धंद्याचे इतर परवानेही आहेत. दिल्लीच्या कार्यालयात बसून वाचले तर यात वावगे काही दिसत नाही. पण कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलनीच्या फाटकात उभे राहून वाचले, म्हणजे याचा अर्थ बदलतो.

एका दुपारची गोष्ट

आमच्यातील एक भगिनी एका कॉलनीत गेली. बंगल्यातील बाईंनी चार वस्तू पसंत केल्या. पैसे आणायला त्या आत वळणार, तोवर आमच्या भगिनीने नियमाप्रमाणे कागद पुढे केला. त्यावर नाव, आडनाव, वस्तीचे नाव, फोन नंबर. बाईंनी कागद वाचला. चेहऱ्यावर फारसे काही दिसले नाही. "अगं, राहू दे आत्ता. घरात विचारून सांगते," एवढेच त्या म्हणाल्या आणि साबण, पावडर, क्रीम पायरीवर परत ठेवले. हातात परत दिले नाही, पायरीवर ठेवले.

संध्याकाळी ती आम्हाला म्हणाली, "मी काय बोललो न्हाई ताई. पिशवी उचलली आनि आलो. भांडून काय साबण खपतोय व्हय?"

यात कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकलले नाही. पोलीस ठाण्यात सांगायला गेलो तर लिहून काय घेणार? वस्तू विकत घ्यायची की नाही, हा गिऱ्हाइकाचा अधिकार आहे. कोणत्याही कायद्याने साबण घेण्याची सक्ती करता येत नाही. पण त्या कागदाच्या आधी विक्री होत होती आणि कागद वाचल्यावर थांबली, एवढे मात्र खरे. आपल्या जिल्ह्यात काही आडनावे अशी आहेत आणि काही वस्त्यांची नावेही अशी आहेत की ती वाचली म्हणजे पुढे काही विचारावे लागत नाही. ज्या कागदाला सरकार 'माहिती' म्हणते, तो आमच्या हातात जातीचा दाखला होतो. असा दाखला आम्ही सवलतीसाठी मागायला जातो तेव्हा कचेरीत दहा खेपा घालाव्या लागतात. इथे मात्र तो दारोदार फुकट वाटायचा!

हे आजचे नाही

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. उतरायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून त्यांना पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. सल्ला देणारा माणूस कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. पण तो अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळले आणि धंदा बसला. सल्ला बदलला नव्हता. गिऱ्हाइकांना फक्त एक जास्तीची माहिती मिळाली होती.

आणि आपल्या कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रोडवर त्यांचे चहाचे हॉटेल निघाले. पण कुणाचे हॉटेल आहे हे गावाला माहीत होते आणि सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकत नव्हते. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले.

या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्याचे नाव गावाला ठाऊक आहे अशा दलिताचा धंदा चालावा, म्हणून राजाला स्वतः येऊन कप उचलावा लागला. आजचे सरकार आमचे नाव-गाव गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला सांगते. पण आमच्या पायरीवर परत ठेवलेल्या साबणाची वडी उचलायला ते येणार आहे काय?

नाव लपवायचे का?

वस्तीतील तरुण पोरांशी हा विषय बोललो तेव्हा एकाने आम्हाला खडसावले. "आपण नाव का लपवायचं? आपण काय चोर आहोत?" त्याचा राग आम्हाला आवडला. बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा ते हयात असताना, १९५० साली उभा राहिला. त्या शहरातील माणसांनी आडनाव पुसून जगावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत, शाळेच्या दाखल्यावर, विहाराच्या फलकावर आम्ही आमचे नाव मोठ्या अक्षरांत लिहितो.

पण पोरांनो, ज्या बाईला संध्याकाळी दोन किलो तांदूळ घेऊन घरी यायचे आहे, तिच्यावर रोज दहा दारांत स्वाभिमानाची परीक्षा देण्याची सक्ती कुणी करावी? आपले नाव कुठे, कधी आणि कुणाला सांगायचे, हे तिचे तिने ठरवायचे. ज्या ताई अभिमानाने नाव सांगतात त्यांना आमचा जयभीम. ज्या सांगत नाहीत त्यांनाही आमचा जयभीम.

शिवाय प्रश्न जातीपुरताच नाही. अनोळखी माणसाच्या हातात बाईचा घरचा पत्ता, मोबाईल नंबर आणि ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची, हे कोणत्या जातीच्या बाईला परवडणार आहे? रात्री-अपरात्री फोन आला तर त्याला उत्तर घरच्या बाईनेच द्यायचे, आणि नवऱ्यालाही तिनेच समजवायचे.

बिल्ल्याने काम भागते

आता कुणी म्हणेल, मग ग्राहकाने फसायचे काय? नाही. आम्हीही ग्राहक आहोत. सांधेदुखीवरचे म्हणून महागडे टॉनिक आमच्याही म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात मारले गेले आहे. विकणारा सापडलाच पाहिजे, हे आम्हाला पटते. पण सापडण्यासाठी आडनाव आणि घरचा पत्ता लागतो काय?

एसटीचा किंवा केएमटीचा कंडक्टर आठवा. त्याच्या छातीवर बिल्ला असतो, बिल्ल्यावर नंबर असतो. त्याने सुट्टे पैसे दिले नाहीत तर आपण नंबर टिपून घेतो आणि डेपोत तक्रार करतो. तो कुठल्या गल्लीत राहतो, हे आपण विचारत नाही. स्टेशनवरच्या हमालाचा बिल्ला तसाच, पोलिसाचा बक्कल नंबर तसाच. नंबरावरून माणूस सापडतो, कारण त्याच्या मागे कार्यालय उभे असते.

आमचे म्हणणे एवढेच की थेट विक्रीतही असेच असावे. विक्रेत्याच्या गळ्यात फोटो आणि नोंदणी क्रमांक असलेले ओळखपत्र. पावतीवर तोच क्रमांक, कंपनीचे पूर्ण नाव, कंपनीचा पत्ता, तक्रारीचा फोन नंबर, मालाची किंमत आणि माल परत करण्याची मुदत. विक्रेत्याचे नाव-पत्ता कंपनीच्या दप्तरी राहील आणि तक्रार आली तर सरकारी अधिकाऱ्याला मिळेल. यात ग्राहकाचे काय कमी होते? उलट सोय होते. कारण माल कंपनीने बनवला, पैसे कंपनीकडे गेले, आणि भरपाई द्यायची ताकदही कंपनीकडेच आहे. पिशवीवाल्या बाईच्या दारात जाऊन ग्राहकाला काय मिळणार?

जीएसटीचेही तसेच. महाराष्ट्रात केवळ राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल तर त्याला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. सेवेसाठी ही मर्यादा २० लाखांची आहे. आमच्या बायकांची उलाढाल हजारांत मोजावी लागते. एकदा नोंदणी केली की विक्री होवो न होवो, विवरणपत्रे भरावीच लागतात, आणि ती भरणाऱ्याची फी वेगळी. ज्यांना मोठा कायदाच सोडून देतो त्यांना हा नियम लागू नाही, असे कुणी तोंडी सांगत असेल, तर ते नियमात स्पष्ट लिहा. तोंडी आश्वासनावर गरीब माणूस नेहमीच मार खातो.

रस्त्यावरच्या फेरीवाल्यांसाठी २०१४ साली कायदा झाला. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि अनुसूचित जातींनाही योग्य प्रतिनिधित्व असावे, असे लिहिले आहे. भाजीवालीला ज्या समितीत खुर्ची आहे, तशी समिती पिशवीवालीसाठी का नाही?

खरी माहिती कुणी द्यायची?

बंधू-भगिनींनो, या लेखाची दुसरी बाजू आम्हाला तितक्याच जोराने मांडायची आहे. नाही तर हा लेख वाचून कंपन्याच टाळ्या वाजवतील.

मसुदा आला त्या काळात आमच्या मोबाईलवर वरच्या साखळीतून एक छापील पत्र आले. 'हे नियम स्वतंत्र व्यवसायमालकांवर अन्याय करणारे आहेत, खाली आपले नाव टाकून पुढे पाठवा.' आम्ही ते दोनदा वाचले. त्यात आमच्या पत्त्याबद्दल, आमच्या बसभाड्याबद्दल, आमच्या घरात पडून राहिलेल्या मालाबद्दल एक ओळही नव्हती. कंपनीला त्रास नको, एवढाच त्याचा मतलब. आम्ही नाव टाकले नाही.

असाच प्रकार अमेरिकेत घडून गेला आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००६ साली एक नियम सुचवला. धंद्यात येणाऱ्याला आधी लेखी माहिती द्यावी, कमाईचा दावा केला तर पुरावा द्यावा, पूर्वी आलेल्या किमान दहा जणांची नावे द्यावीत आणि सही करण्याआधी सात दिवस विचाराला द्यावेत, अशी ती तरतूद होती. त्यावर १७ हजारांवर हरकती गेल्या. बहुतेक साखळी विक्रीच्या धंद्यातील लोकांच्या, आणि त्यांतील पुष्कळ एकाच साच्याच्या. आपली नावे परक्या माणसाला दिली जातील, ही भीती खरी होती. पण परिणाम काय झाला? २०११ साली अंतिम नियम आला तेव्हा साखळी विक्रीचा धंदाच त्यातून वगळला गेला. नावे देण्याचे कलम गेले, आणि त्याबरोबर कमाईच्या पुराव्याचे व सात दिवसांच्या मुदतीचे कलमही या धंद्यापुरते गेले. ताकाबरोबर भांडेही गेले. कंपन्यांनी विक्रेत्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून आपला नेम साधला.

त्याच कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा ७० कंपन्यांची कमाईपत्रके तपासून अहवाल काढला. बहुसंख्य कंपन्यांच्या आकड्यांप्रमाणे त्यांच्यातील बहुतेक सभासदांना वर्षाकाठी एक हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरही नाहीत. त्यातून खर्च बहुतेक ठिकाणी वजाच केलेला नव्हता. अमेरिकेसारख्या देशात ही तऱ्हा!

आपल्याकडचा हिशेब घरीच करून बघा. समजा महिन्याला ३,००० रुपयांचा माल खपला आणि त्यावर २० टक्के सुटले, तर ६०० रुपये झाले. पंधरा दिवस फिरताना रोज २० रुपये बसभाडे धरले तर ३०० गेले. नमुने आणि कॅटलॉगला १०० गेले. राहिले २००. आणि 'पॉइंट' पुरे करण्यासाठी घरातच लागत नसलेला ५०० रुपयांचा माल स्वतः घेतला असेल, तर महिनाअखेर ३०० रुपये आपल्याच खिशातून गेले. व्यासपीठावर गाडीची चावी हातात घेऊन उभा असलेला माणूस हा हिशेब कधी मांडत नाही.

माणसे जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राने १९९९ साली वेगळा कायदा केला. तरी २०११ साली स्पीक एशियाचे प्रकरण मुंबईत गाजले, आणि २०२२ साली ए. एस. ट्रेडर्सच्या गुंतवणूक प्रकरणी आपल्या कोल्हापुरातच गुन्हा दाखल झाला. साबणाची पिशवी आणि असल्या योजना एक नव्हेत. पण बोलावणे तसेच गोड असते, आणि बोलावणारा बहुतेक वेळा आपलाच मेहुणा, आपलीच शेजारीण असते. गेलेले पैसे एक वेळ विसरता येतात, तुटलेली सोयरीक जोडता येत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, माहिती हवीच. पण ती वरून खाली आली पाहिजे. दर कंपनीने नव्या विक्रेत्याच्या हातात मराठीत छापलेला एक कागद द्यावा. गेल्या वर्षी महाराष्ट्रात किती जण आले, किती सोडून गेले, निम्म्या लोकांना खर्च वजा जाता काय मिळाले, किती जणांनी माल परत केला आणि त्यांना पैसे किती दिवसांत मिळाले. 'वाजवी कमाई' असले मोघम शब्द नकोत, आकडे हवेत. आणि कागद दिल्यावर सात दिवस कुणी सही मागू नये.

आपण काय करावे?

भगिनींनो, जोडणीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, नियमाने प्रवेश फी घेता येत नाही. कराराची प्रत मागून घ्या आणि घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. बाहेर पडण्याची मुदत किती दिवसांची, न खपलेला माल परत घेतात काय, हे आधी विचारा. दर महिन्याचा जमाखर्च वहीत लिहा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही.

आणि हरकत घ्यायची असेल तर छापील पत्रावर सही करू नका. स्वतःच्या अक्षरात लिहा, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला, आपल्या खासदाराला आणि आमदाराला पाठवा. लिहा की ओळखपत्र घालायला आम्ही तयार आहोत, पावती द्यायला तयार आहोत, माल परत घ्यायला तयार आहोत. घरचा पत्ता मात्र कंपनीच्या दप्तरात राहू द्या.

त्या भगिनीने ती पिशवी अजून सोडलेली नाही. गेल्या आठवड्यात ती पुन्हा त्याच रस्त्याने गेली. त्या फाटकाशी क्षणभर थांबली आणि पुढच्या घराची बेल वाजवली. तिथे चार साबण खपले. त्या घरी कागद दिलास काय, असे आम्ही विचारले तेव्हा ती नुसती हसली. नियम पाळला तर साबण परत येतो आणि साबण खपवला तर नियम मोडतो, अशा पेचात कष्टाच्या भाकरीसाठी फिरणाऱ्या बाईला ठेवणारा नियम बदललाच पाहिजे.

जयभीम!